डिकीतली बॅटरी आणि चुकीच्या टोकाचा फ्यूज

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी "म्हणजे" किती वेळा म्हणतो ते टाइप करताना कळलं. निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत, सांभाळून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता: गाडीची बॅटरी बोनेटमधून काढून डिकीत नेणं. मॉडिफाय केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. बोनेट उघडलं की बॅटरी दिसतच नाही, इंजिन मोकळं, सगळं चकाचक. मी हे स्वतः केलंय, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. आधी चुकीचं कसं केलं ते सांगतो, कारण सगळं शिक्षण तिथंच झालं.

माझी गाडी म्हणजे जुनी मारुती एस्टीम. तेराशे सीसी पेट्रोल, माझ्याआधी दोन मालक बघितलेली. मला इंजिनला मोठा एअर फिल्टर बसवायचा होता आणि बॅटरी बरोबर त्याच जागेत आडवी येत होती. म्हटलं, जाऊ दे डिकीत. मी दिवसभर हिंजवडीत कोड लिहितो (हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथं रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं). बीटेक झालेला माणूस, बारा व्होल्टची एक वायर मागून पुढे ओढायची, त्यात काय एवढं? दोन शनिवार-रविवार पार्किंगमध्ये बसून काम केलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. स्टेटसला फोटो टाकला.

त्यानंतर दीडेक महिन्यानं, सप्टेंबरमध्ये, माणगावला मामाकडे गेलो होतो. परतताना ताम्हिणी घाट. मागच्या सीटवर माझा मावसभाऊ, सातवीतला, आडवा होऊन झोपलेला. डिकीत मामीनं दिलेलं तांदळाचं पोतं, नारळ आणि आमसुलाची बरणी. घाट चढून वर आलो, धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि गाडीत रबर जळाल्यासारखा वास आला. घाट नुकताच चढलेला, मी म्हटलं क्लच प्लेटचा वास असेल. काच खाली केली. एक किलोमीटर गेला असेन तेवढ्यात डॅशबोर्डचे दिवे मिचमिचायला लागले. आरशात बघितलं तर मागच्या डाव्या दाराजवळ कार्पेटखालून धुराची बारीक रेघ वर येत होती.

गाडी बाजूला घेतली. किल्ली बंद केली. इंजिन बंद झालं, धूर बंद झाला नाही.

मी पळत पुढे गेलो, बोनेट उघडलं, कारण मोठा फ्यूज मी तिथं लावला होता. फ्यूज शाबूत! झाकणातून त्याची पट्टी चकाकत होती. तो उपसून काढला. तरी धूर चालूच. तेवढ्यात जवळच्या चहाच्या टपरीवरचे एक मामा धावत आले आणि माझ्यावर ओरडले, "आरं आधी पोराला काढ की भायेर! गाडी जळंना का!"

खरं सांगतो, तोपर्यंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगा ज्या सीटवर झोपला होता त्याच्याच खालून ती वायर जात होती आणि मी बोनेटमध्ये फ्यूजची तपासणी करत बसलो होतो. मामांनीच दार उघडून त्याला उचललं. मग डिकी उघडली. बॅटरी पोत्याच्या मागे, पाना पोत्याच्या खाली. पोतं दोघांनी मिळून रस्त्यावर फेकलं, मामांनी टपरीतून पक्कड आणली आणि मी बॅटरीची काळी वायर, म्हणजे मायनस, ओढून काढली. क्लिप इतकी तापली होती की अंगठ्यावरचा डाग अजून आहे. दोन-अडीच मिनिटांचा खेळ. नुकसान म्हणाल तर हातभर जळालेलं कार्पेट आणि सीटच्या फोमचा एक कोपरा. नारळ शाबूत. तांदळाला आठवडाभर घरी कोणी हात लावला नाही, धुराचा वास येतो म्हणून.

आता झालं काय? मागच्या सीटच्या ब्रॅकेटजवळ पत्र्याची एक कड होती. वायर त्या कडेवर टेकलेली. प्रत्येक खड्ड्यात वायर एक केसभर घासत गेली आणि दीड महिन्यात वरचं लाल आवरण फाटलं. आतल्या तारा गाडीच्या पत्र्याला लागल्या. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, म्हणजे हा सरळ शॉर्ट. किल्ली काढून उपयोग शून्य, कारण ही जाड वायर किल्लीच्या आधीची आहे. बॅटरीतून निघते आणि थेट सेल्फच्या मोटरला जाते, गाडी बंद असो की चालू. ती चोवीस तास जिवंत असते.

पण मग फ्यूज का उडाला नाही? समजा गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि खाली किचनमध्ये कॉक आहे. मधला पाइप तिसऱ्या मजल्यावर फुटला. तुम्ही किचनमधला कॉक बंद केलात. काय होईल? काहीच नाही, तिसऱ्या मजल्यावर धबधबा चालूच राहील. कॉक टाकीच्या तोंडाशी पाहिजे. माझी टाकी डिकीत होती आणि कॉक बोनेटमध्ये. मधली साडेचार मीटर वायर पूर्ण उघडी, कोणाचंही संरक्षण नाही. करंट बॅटरीतून निघून पत्र्याच्या कडेपर्यंत जात होता आणि तिथूनच बॉडीतून परत येत होता. फ्यूजपर्यंत तो पोचतच नव्हता, मग फ्यूज उडणार कसा?

आणि ही चूक मी कुठून उचलली ते ऐका. मी वायर घेतली होती ॲम्प्लिफायरच्या किटमधली. डिकीत बूफर आणि ॲम्प बसवणाऱ्यांना हे किट माहीत असेल: लाल जाड वायर, फ्यूज होल्डर, सोबत एक कागद. कागदावर चित्र की फ्यूज बोनेटमध्ये लावा. ॲम्पसाठी ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण तिथं बॅटरी बोनेटमध्ये असते. मी बॅटरी उचलून दुसऱ्या टोकाला नेली आणि चित्र तेच ठेवलं. इंटरनेटवरचा कोड न वाचता कॉपी-पेस्ट करणाऱ्या ज्युनिअरला मी ऑफिसात जे बोलतो, ते त्या दिवशी स्वतःला बोलून घेतलं.

तर नियम असा धरा की फ्यूज कायम बॅटरीच्या टोकाला, प्लस टर्मिनलपासून फार तर वीतभर अंतरावर. बॅटरी कुठंही असो, फ्यूज तिच्याबरोबर जाणार. आणि फ्यूजचा आकडा ठरवताना "माझं यंत्र किती करंट घेतं" याच्याइतकंच "माझी वायर किती सहन करते" हे बघायचं. फ्यूज यंत्राला नाही, वायरला वाचवतो. वायर लालबुंद व्हायच्या आधी फ्यूज वितळला पाहिजे, पण सेल्फ मारताना क्षणभर येणारा झटका त्यानं सहन केला पाहिजे. म्हणून इथं हळू उडणारा, बोल्टनं आवळायचा मेगा फ्यूज वापरतात. माझ्या गाडीत आता ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २०० अँपियरचा मेगा फ्यूज आहे. तुमचं इंजिन मोठं किंवा डिझेल असेल तर हे आकडे तसेच उचलू नका, नाहीतर माझंच कॉपी-पेस्ट पुढे चालू.

आणखी एक गोष्ट, जी फ्यूज विकणारा सांगत नाही. घासलेली वायर पत्र्याला घट्ट चिकटली तर शेकडो अँपियर वाहतील आणि फ्यूज उडेल. पण ती नुसती टेकून ठिणग्या मारत राहिली तर करंट दीडशेच्या आत राहू शकतो. २०० चा फ्यूज शांत बसेल आणि कार्पेट जळेल. म्हणजे फ्यूज लावला म्हणून वायर कशीही ओढून चालत नाही. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, पूर्ण लांबीला नळीचं आवरण, वीत-दीड वीत अंतरावर क्लिप. सीटचे ब्रॅकेट, सीट बेल्टचे बोल्ट, हँडब्रेकची केबल यांच्यापासून लांब. गाडीखालून नेणार असाल तर सायलेन्सरपासून आणि पेट्रोलच्या पाइपपासून लांब. आपल्याकडे ताम्हिणीच्या पावसात गाडीखाली चिखल, दगड काय काय आदळतं ते बघता मी आतूनच नेली.

आता येऊ दुसऱ्या मुद्द्याकडे. आग लागली नसती तरी माझी पहिली वायर वाईटच होती. सकाळी थंडीत सेल्फ मारला की "घुर्र… घुर्र…" असं रडत फिरायचा. मला वाटायचं बॅटरी उतरली. बॅटरी ठणठणीत होती, व्होल्ट वाटेत हरवत होते.

हे समजून घ्यायला मुळशी धरणापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ज्या धरणासाठी इथली गावं पाण्याखाली गेली, ज्याच्या विरोधात १९२१ मध्ये सेनापती बापट उभे राहिले, तेच. या धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला उतरतं. तिथं १९२७ पासून टाटांचं वीजघर आहे आणि ती वीज मुंबईला जाते. इतक्या लांब वीज न्यायची तर ती एक लाख व्होल्टच्या घरात चढवून न्यावी लागते. का? कारण तारेत होणारी गळती व्होल्टवर नाही, करंटवर अवलंबून असते आणि तीही करंटच्या वर्गावर. करंट दुप्पट, तर गळती चौपट. व्होल्ट वाढवले की तेवढीच ताकद कमी करंटमध्ये जाते.

आता सेल्फची मोटर बघा. माझ्यासारखं लहान पेट्रोल इंजिन फिरवायला साधारण दीड किलोवॅट लागतात. म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड. तो रॉड घरातल्या २३० व्होल्टवर साडेसहा अँपियर घेतो. एक लाख व्होल्टवर तीच ताकद ०.०१५ अँपियरमध्ये जाईल. आणि गाडीत? सेल्फ फिरताना बॅटरीचे १२ व्होल्ट उतरून साडेदहापर्यंत येतात. तिथं त्याच कामाला लागतात जवळपास दीडशे अँपियर. दीडशे! रॉडच्या वायरमधून जाणाऱ्या करंटच्या वीस पटीपेक्षा जास्त. म्हणून कंपनी बॅटरी इंजिनाला चिकटून ठेवते. हातभर वायरमध्ये गळती किरकोळ असते. आपण ती साडेचार मीटर करतो तेव्हा प्रत्येक मीटरची किंमत मोजावी लागते.

किती, ते काढू. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब तार घेतली तर तिचा रोध ०.०१७ ओहम असतो. गुणिले लांबी, भागिले जाडी, संपला विषय. साडेचार मीटर, १६ चौरस मिलिमीटरची वायर: ०.००४८ ओहम. दीडशे अँपियरला ०.७ व्होल्टपेक्षा थोडे जास्त गायब. तीच ३५ ची घेतली तर ०.३३ व्होल्ट. बारावीचं फिजिक्स आहे हे. मी बारावीत ते पाठ केलं, पार्किंगमध्ये वापरलं नाही.

आणि माझी वायर तर तांब्याचीही नव्हती. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या तारांवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. दिसते तांब्याची, पण वीज वाहते तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश. ओळखायची कशी? एक तार घेऊन ब्लेडनं खरवडा. आत पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. उलट, काही चांगल्या वायरींवर कथिलाचा मुलामा असतो. त्या वरून पांढऱ्या आणि खरवडल्यावर आतून लाल. म्हणजे वरचा रंग बघून निर्णय नको. माझ्या वायरीत सेल्फच्या वेळी एकापेक्षा जास्त व्होल्ट जात होते. साडेदहातले साडेनऊ सुद्धा पुढे पोचत नव्हते. सेल्फ रडणार नाही तर काय?

नव्या कामाला मी वेल्डिंगची केबल घेतली. पुण्यात कुठल्याही वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा, वर जाड रबर, हवी तशी वाकते. घरातल्या वायरिंगची कडक वायर यासाठी चालत नाही, गाडीच्या थरथरीनं ती टोकाशी तुटते.

टोकाचं थिंबल हा आणखी एक सापळा. मी पहिल्यांदा पकडीनं दाबून बसवलं होतं. बरोबर करायचं तर हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र लागतं. पिरंगुटच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ते होतं, त्यांनी दोन मिनिटांत दोन्ही टोकं दाबून वर उष्णतेनं आकसणारी नळी चढवली. शिवाय माझं जुनं थिंबल हातात घेऊन नुसतं खेचलं, ते निघून आलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सांध्याचा हा विषय मोठमोठ्यांना भोवलाय. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच थ्री सिरीजमध्ये बॅटरी कारखान्यातूनच डिकीत येते. पुढे-मागे वजन सारखं वाटलं जावं हा एक हेतू. २०१३ मध्ये अमेरिकेत बीएमडब्ल्यूनं पाच लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, कारण प्लसच्या केबलचा फ्यूज बॉक्सशी असलेला जोड खराब होऊन वीजच तुटू शकत होती. एका सांध्यासाठी पाच लाख गाड्या! पण त्याच गाड्यांमध्ये एक भारी गोष्टही आहे. प्लस टर्मिनलवरच एअरबॅगसारखी छोटी स्फोटक गोळी असते. जोराचा अपघात झाला की ती फुटते आणि सेल्फ-अल्टरनेटरकडे जाणारी जाड वायर बॅटरीपासून तोडून टाकते, दिवे मात्र चालू राहतात. पूर्ण गाडीभर जिवंत वायर नेणं किती जोखमीचं आहे, हे तिथल्या इंजिनिअरना माहीत होतं म्हणून ही सोय. आपण यूट्यूबवर बघून वायर नेतो, ती गोळी व्हिडिओत दिसत नाही.

मायनसचं थोडक्यात सांगतो, पण हे सोडू नका. डिकीत बॅटरीची काळी वायर जवळच बॉडीला जोडतात. रंग पूर्ण खरवडून उघड्या पत्र्यावर, दात्यांचा वॉशर घालून बोल्ट, वर गंज लागू नये म्हणून ग्रीस. इथपर्यंत सगळे करतात. विसरतात ते पुढचं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळं. आधी मूळ बॅटरीची काळी वायर थेट गिअरबॉक्सला जात होती, ती तुम्ही काढून टाकलीत. आता सेल्फचे दीडशे अँपियर इंजिनातून बॉडीत येणार कसे? तिथं तेवढीच जाड वेगळी अर्थची वायर पाहिजे. नाही दिली तर करंट मिळेल तो रस्ता धरतो, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. त्या तापतात, आतलं प्लास्टिक वितळतं आणि केबल अडकते. मग माणूस मेकॅनिककडे जातो, तो केबल बदलतो, महिन्याभरात पुन्हा तेच.

आता बॅटरी स्वतः. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, जास्त चार्ज झाली तर अजून निघतो. हवेत चार टक्के झाला की ठिणगीनं पेटू शकतो. बोनेटखाली तो उडून जातो. डिकी मात्र बंद खोली आणि तिचा मागच्या सीटशी आतून संबंध. "माझी मेंटेनन्स फ्री आहे" असं बरेच जण म्हणतात. मेंटेनन्स फ्री म्हणजे पाणी घालावं लागत नाही, एवढंच. वायू बाहेर पडायला तिलाही भोक असतं. डिकीसाठी एजीएम प्रकारची बॅटरी घ्या, जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. तिलाही नळी जोडून ती नळी गाडीबाहेर काढा. महाग पडते, पण सांडत नाही. एक फायदा मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो, डिकीत इंजिनची गरमी नसते आणि उष्णता ही बॅटरीची मोठी शत्रू आहे.

ती बांधायची कशी? माझी आधी दोन केबल टाय आणि एका बंजी दोरीवर होती. हसू नका, तुमच्यापैकी काहींची आत्ताही तशीच असेल. दहा किलोची बॅटरी, जोरात धडक झाली आणि वीस-पंचवीस जी चा झटका बसला तर ती अडीचशे किलोच्या वजनासारखी पुढे ओढली जाते. पुढे काय आहे? मागच्या सीटची पाठ. जागतिक मोटर स्पर्धांची संस्था एफआयए, तिच्या नियमांत जागा बदललेल्या बॅटरीसाठी नेमकं लिहिलंय: धातूची बैठक, इन्सुलेशन असलेले दोन धातूचे पट्टे, किमान १० मिलिमीटरचे बोल्ट आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या उलट बाजूला किमान ३ मिलिमीटर जाड, २० चौरस सेंटिमीटरची पट्टी. ती पट्टी नसेल तर बोल्ट पातळ पत्रा फाडून बाहेर येतो. मी हेच केलं. ड्रिल मारायच्या आधी गाडीखाली झोपून पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठं आहेत ते बघितलं. तुम्ही पण बघा, प्लीज.

त्याच नियमांत मुख्य स्विच लागतो, आतून आणि बाहेरून बंद करता येईल असा. बाहेर निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह, म्हणजे मदतीला आलेल्या माणसाला कळावं. तो स्विच इंजिनही बंद करणारा असतो, हे महत्त्वाचं. नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिनचा अल्टरनेटर गाडीला वीज देत राहतो, वर व्होल्टचा उसळता झटका ईसीयूला बसू शकतो. माझ्या गाडीत आता ड्रायव्हरच्या हाताजवळ एक आणि मागे नंबर प्लेटजवळ एक खेचायची तार आहे. पोत्याखाली पाना शोधायची वेळ पुन्हा नको.

कायद्याचंही विचारलं होतं कोणीतरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळ्या होतील असा बदल करायचा नाही. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बॅटरीची जागा आरसीवर लिहिलेली नसते हे खरं. तरी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा. गाडी जळाल्यावर सर्व्हेअरला डिकीत बॅटरी सापडणं आणि त्याला ती आधीपासून माहीत असणं, यात फार फरक आहे.

आता तो प्रश्न, ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत आलात: गाडी भारी चालते का? हिशेब करू. माझी गाडी साधारण पावणेनऊशे किलो. बॅटरी दहा किलो, ती जवळजवळ तीन मीटर मागे गेली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.३६ मीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरून सुमारे तेरा किलो भार कमी झाला. पुढे समजा पाचशे-सव्वापाचशे किलो असतील, त्यातले तेरा. अडीच टक्के. आणि एस्टीमची पुढची चाकं गाडी ओढतात, ओल्या घाटात त्यांच्यावर वजन असलेलं बरंच! मागच्या चाकांवर चालणाऱ्या रेसच्या गाडीत हा अडीच टक्के सोन्याचा असेल. माझ्या गाडीत तो टपरीवर सांगायच्या कामाचा. उलट वायर, बॉक्स, पट्टे, स्विच मिळून चार-पाच किलो वजन वाढलंच.

पुन्हा करायचं झालं तर मी बॅटरी पुढेच ठेवीन आणि लहान आकाराची घेईन, फिल्टरला तेवढी जागा पुरली असती. पण आता डिकीला भोकं पाडून झालीत, एजीएमचे पैसे देऊन झालेत, त्यामुळे ती मागेच आहे.

आणि हो, डिकीत ॲम्प लावलेल्या मंडळींनो, हा भाग "आपल्याला काय" म्हणून सोडू नका. तुमच्याकडे तीच लाल वायर आहे, फक्त उलट्या दिशेनं. आज बोनेट उघडा आणि बॅटरीच्या प्लसपासून त्या वायरीचा हातानं माग काढा. वीतभरात फ्यूज सापडला तर ठीक. फ्यूज फक्त डिकीत ॲम्पजवळ असेल किंवा कोणी "सारखा उडतो" म्हणून त्याजागी तारेचा तुकडा टाकला असेल, तर मायनस काढून ठेवा आणि मग बाकीचा भाग ऐका. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं बोट फिरवून बघा, ग्रोमेट आहे की नुसती कड लागतेय.

त्या टपरीवर मी नंतर पक्कड परत द्यायला गेलो होतो, गडबडीत खिशात राहिली होती. मामांनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत, गाडीकडे बघून "दुरुस्त केली का रं?" एवढं विचारलं. मावसभाऊ आता नववीत आहे. अजूनही माझ्या गाडीत बसतो, फक्त बसायच्या आधी मागे जाऊन ती खेचायची तार जागेवर आहे ना ते स्वतः बघतो.

पुढच्या भागात मल्टीमीटर: पाचशे रुपयांतला कुठला घ्यावा आणि सेल्फ मारताना व्होल्ट नेमके कुठल्या सांध्यात हरवतात ते घरच्या घरी कसं मोजायचं. भेटूया.